अबोल्यातली गाडी

रिठद, १२ नोव्हेंबर २०२५

गोपाल,

पत्र लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे, हे आधीच स्पष्ट करते. आपला अबोला आहे तसाच आहे. सहा वर्षांपूर्वी बाबांच्या तेरवीला मी जेवणाची पंगत थांबवून बोलले. या बुंदीच्या पैशात शाळेतल्या पोरींसाठी संडास बांधून झाला असता, एवढंच माझं म्हणणं होतं. तू हातात बुंदीचं पातेलं घेऊन उभा होतास. अख्ख्या गावासमोर म्हणालास, "आजपासून तुझ्याशी बोलनार नाही." मी म्हणाले, "नको बोलू." दोघांनीही शब्द पाळला. भाऊबीजेला तू न चुकता येतोस, पाटावर बसतोस, मी ओवाळते, दोघंही मुके. तनुजा हसून म्हणते, आई, तुमची भाऊबीज म्हणजे आवाज बंद केलेला टीव्ही.

पण लिहायचं नाही असं आपलं काही ठरलं नव्हतं. म्हणून लिहिते.

काम बाबांच्या गाडीचं आहे. तू वीस वर्षं जीप चालवलीस आणि बाबांची ही पांढरी पेट्रोल गाडीही तुझ्याच हाताखालून गेली, म्हणून तुला विचारते. तनुजा आता रोज पहाटे मागची सीट काढून आमची आणि आजूबाजूच्या मळ्यांची भाजी भरते आणि वाशीमच्या हर्राशीत लिलावाला नेते. माझी पोरगी स्वतःच्या कष्टावर उभी राहिली आहे. आणि दिवाळीनंतर गाडीला काय झालंय कळत नाही. गावातून निघते तेव्हा ठणठणीत असते. निम्मा रस्ता गेला की एक्सिलेटर दाबला तरी ओढत नाही, गचके देते, चढावर तर दम तोडते आणि बंद पडते. पाव तास रस्त्याच्या कडेला उभी केली की आपोआप चालू होते. तोवर हर्राशी संपते, पालक कोमेजतो, अडत्या तोंड वाकडं करतो.

तुझ्या भाऊजींनी, उत्तमरावांनी, निकाल दिलाय. संक्रांतीपर्यंत गाडी सुधारली तर ठीक, नाहीतर भंगारात द्यायची. आणि मग ते अकोल्याचं स्थळ परत बोलवायचं. तेच स्थळ, ज्यांनी तनुजाला विचारलं होतं की लग्नानंतर गाडी चालवणं सोडशील ना. ती नाही म्हणाली म्हणून ते उठून गेले होते. आता यांना वाटतं, गाडीच नसली तर नाही म्हणायला कारणच उरणार नाही. किती सोपं! पोरीच्या हातातलं स्टिअरिंग काढून घ्या आणि हातात पोह्यांचा ट्रे द्या.

मी हे होऊ देणार नाही. गाडीला काय झालंय ते लिही. तनुजामार्फत निरोप धाडू नकोस, पोरीच्या तोंडून बोलणं म्हणजे आपणच बोलणं. लखीरामची जीप वाशीम ते शेलूबाजार रोज चालते. त्याच्या हाती उत्तर दे.

वैजयंती

*

शेलूबाजार, १६ नोव्हेंबर

ताई, नमस्कार.

तुझं पत्र लखीरामनं चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर दिलं. "बहिनीचं पत्र आलं का बावा? मोबाईलच्या जमान्यात?" असं त्यानं चारदा विचारलं. मी म्हटलं, कोर्टाचा समन्स आहे.

गाडीचं सांगतो. भाऊबीजेला तू भांडी घासत होतीस तेव्हा मी अंगणात ती नीट पाहून ठेवली होती. ओवाळणीत तुला पैसे टाकले तर तू ते ताटातून उचलून वाचनालयाला देतेस, म्हणून यंदा तीच माझी ओवाळणी होती. प्लग घासले, तारा आवळल्या, बारीकसारीक केलं. तेव्हा तिला काही झालेलं नव्हतं.

आता राग मानू नको. माझा अंदाज आहे की तनुजा क्लचवर पाय ठेवून चालवते. बायामाणसांची ती सवय असते. क्लच घसरला की चढावर ओढ राहत नाही. दुसरं, थंडी सुरू झाली, जुन्या गाडीला थंडी बाधते. प्लग नवे टाक, हवेचा फिल्टर झटकून घे, आणि पोरीला सांग, पाय खाली ठेव.

भाऊजी म्हणतात ते अगदीच चूक आहे असं नाही. गाडीचंही वय झालं.

गोपाल

*

रिठद, २५ नोव्हेंबर

गोपाल,

"बायामाणसांची ती सवय असते." हे वाक्य मी तीनदा वाचलं. तुझी वीस वर्षं जीपमध्ये गेली, पण मागच्या सीटवर कोण बसलं होतं ते तू कधी वळून पाहिलं नाहीस असं दिसतं. त्या बायांच्या डोक्यावर हंडे होते, कडेवर पोरं होती, आणि तू त्यांना "सरका, सरका" म्हणत होतास. त्यांच्या पायांबद्दल तुला काय माहीत?

तनुजा क्लचवर पाय ठेवत नाही. मी तिच्या शेजारी बसून पाहिलं नाही, पण तिनं सांगितलं, आणि माझी पोरगी खोटं बोलत नाही. क्लच घसरत असता तर इंजिन जोरात ओरडलं असतं आणि गाडी मागे राहिली असती. इथे इंजिनच गुदमरतं. हे मी वाचून काढलंय, कुणाला विचारून नाही.

तरी तू म्हणालास ते केलं. प्लग नवे टाकले. फिल्टर काढला, त्यात पाचोळाही नव्हता. वाशीमच्या मिस्त्रीनं कारबोरेटर उघडून साफ केला. त्यानं आधी पेट्रोल पाहिलं, मग गाडी स्टँडपर्यंत दोनदा फिरवून आणली. एकही गचका नाही. म्हणाला, "मावशी, गाडी एकदम ओके आहे. चालवनारं कोन आहे?" मी त्याला जे उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा चढावर बंद पडली. आमच्या मळ्याशेजारच्या देवमननं त्याच दिवशी वांग्याची पोती परत उतरवून घेतली. म्हणाला, "पोट्टीच्या भरोशावर माल सडून राह्यला. मी पिकअपवाल्याले देतो." तनुजानं पोती स्वतः उतरवून दिली. घरी आल्यावर तिनं गाडीचं बॉनेट उघडलं आणि अंधार पडेपर्यंत त्यात डोकं घालून बसली.

एक गोष्ट तेवढी बरी झाली आहे. दिवाळीआधी मेथीला पेट्रोलचा वास येतो म्हणून अडत्या कुरकुरायचा. तो वास आता येत नाही. म्हणजे गाडी सुगंधी झाली आहे, फक्त चालत नाही.

तुझ्याकडून अंदाज नकोत. उपाय हवा आहे.

वैजयंती

*

शेलूबाजार, १ डिसेंबर

ताई,

तुझं पत्र वाचताना तुझी भावजय सोजर मागे उभी होती. ती म्हणाली, "बरोबरच लिहिलं ताईनं. तुमी बायाईले सरकाच म्हनत होते." आता घरातही माझं कोणी राहिलं नाही.

बरं, क्लचचं परत घेतो. इंजिन गुदमरतं म्हणतेस, तर मग पेट्रोल पोचत नसेल किंवा ठिणगी पडत नसेल. पण तुझ्या पत्रात मला भाषण सापडलं, गाडी नाही सापडली. मला गाडी पाहिजे. तू स्वतः शेजारी बैस आणि पाहून लिही.

बंद पडताना एकदम पडते की हळूहळू दम तोडते? टाकी भरलेली असताना वेगळं होतं का, अर्धी असताना वेगळं होतं का? बंद पडल्यावर कोणी काय केलं आणि ती कशानं चालू झाली?

माझा संशय आता पेट्रोल पंपाच्या पडद्यावर आहे. जुन्या गाडीत इंजिनाला चिकटून छोटा पंप असतो, तो टाकीतून पेट्रोल ओढतो. त्याचा रबरी पडदा फाटला की ओढ कमी होते. नवा पडदा लखीरामसोबत पाठवतो आहे. त्याचे पैसे देऊ नको, दिले तर मी वाचनालयाला देईन.

देवमनला माझा निरोप सांग, नाही, सांगू नको. तो मी कधीतरी सांगीन.

गोपाल

*

रिठद, १३ डिसेंबर

गोपाल,

पडदा बदलला. काही उपयोग नाही. तुझे दोन्ही संशय वाया गेले.

पण तू सांगितलंस म्हणून मी काल पहाटे तनुजाच्या शेजारी बसले. मांडीवर सांभाराच्या, शहरी भाषेत कोथिंबिरीच्या, जुड्या, मागे गोबी. मी आजवर शेकडो सभांना गेले, कधी कुणाच्या तरी मोटरसायकलवर, कधी एसटीनं. माझ्या पोरीच्या गाडीत मात्र पहिल्यांदा बसले. तिचा पाय क्लचवर नव्हता. ती गाडीशी बोलते, हळूच. "चल बाई, एवढा चढ काढ, मंग उतारच आहे."

एकदम बंद पडत नाही. आधी दम तोडते, मग गचके, मग गप्प. टाकीचं तनुजानं सांगितलं: आदल्या दिवशी फुल्ल केली की लवकर थांबते, निम्मी असली तर वाशीम जवळ येईस्तोवर जाते. उलटंच आहे सगळं. देवमन म्हणतो पेट्रोलात भेसळ आहे.

काल फुल्ल होती. चढाच्या आधीच थांबली. आजूबाजूला नुसतं धुकं. आणि मग मला दिसलं की मागे, बऱ्याच लांब, एका मोटरसायकलचा दिवा थांबलेला आहे. पुढे येत नाही, मागे जात नाही. मी घाबरले, हे तुला म्हणून लिहिते. तनुजा म्हणाली, "घाबरू नको आई, बाबा आहेत. रोज येतात. मले माहीत आहे हे त्याईले माहीत नाही."

उत्तमराव. कानाला मफलर गुंडाळून. गेला महिनाभर ते मला सांगतात की पहाटे मळ्यात पाणी द्यायला जातो. मी त्यांच्यावर घरातल्या घरात तीन भाषणं ठोकली आहेत, बाप म्हणून त्यांना शरम वाटावी अशी. आणि ते रोज थंडीत पोरीच्या मागे जात होते, गाडी अंधारात बंद पडते म्हणून. मी काच वर केली.

तेवढ्यात रिसोडला लग्नाची सवारी सोडून लखीराम परत चालला होता. उतरला आणि पहिलं वाक्य हे: "पेट्रोल टाकलं का पोरी? का निस्ता सांभार भरला?" तनुजा म्हणाली, "फुल्ल आहे काका." याचा विश्वास बसेना. त्यानं स्वतः झाकण उघडलं. फुस्स करून आवाज आला, सोड्याची बाटली उघडावी तसा. आत डोकावला, म्हणाला, "आहे बावा भरून," झाकण लावलं, तनुजानं चावी फिरवली आणि गाडी पहिल्याच झटक्याला सुरू! चढही निघाला. आणि हा माणूस वाशीमच्या स्टँडवर सांगत सुटला की माझा हात लागला म्हणून गाडी चालली, पोरीला काही कळत नाही. म्हणजे गाडी बंद पडली की दोष पोरीचा, आणि सुरू झाली की श्रेय पुरुषाच्या हाताचं. या देशात इंजिनंसुद्धा हेच शिकली आहेत!

आज रिसोडचा भंगारवाला येऊन गाडीभोवती फेरी मारून गेला. उत्तमराव त्याच्याशी बोलले. मी दारात उभी होते, आणि पहिल्यांदाच मला त्यांच्यावर धड रागवताही येत नव्हतं. अकोल्याचे लोक संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी येणार आहेत.

आता तूच सांग, काय करू.

वैजयंती

*

शेलूबाजार, १५ डिसेंबर

ताई,

सोबत पेट्रोल टाकीचं नवं झाकण पाठवतो आहे. हे लाव. जुनं फेकून दे. विहिरीत टाक, उकिरड्यावर टाक, पण घरात ठेवू नको.

गाडी चालेल. कारण विचारू नको.

गोपाल

*

रिठद, २६ डिसेंबर

गोपाल,

गाडी चालली. दहा दिवस झाले, एकदाही थांबली नाही. तनुजा आता हर्राशी सुरू व्हायच्या आधी पोचते आणि अडत्याच्या पोराला उठवते. मेथीला पुन्हा पेट्रोलचा वास येतो, पण जरासाच, ती ओल्या पोत्याखाली ठेवते.

तू लिहिलंस, कारण विचारू नको. मला असं सांगणाऱ्या माणसाचं मी आयुष्यात कधी ऐकलं आहे का? देवळात नाही ऐकलं, कचेरीत नाही ऐकलं, तुझं ऐकेन?

झाकण मी फेकलं नाही. उलटं करून उजेडात धरलं. आत एक गोल रबर बसवलेलं आहे, ट्यूबचा तुकडा कात्रीनं कापून. इतकं चपखल बसवलंय की झाकणाची हवा जायची जागा पूर्ण बुजली आहे. कडेला कात्री थोडी घसरलेली आहे, डावीकडे. घरात डावखुरा माणूस एकही नाही. लहानपणी गलोलीचं रबर असं कापणारा एकच जण मला माहीत आहे, आणि त्याच्या जीपच्या सीटखाली ट्यूबचा तुकडा कायम असायचा.

मी हे कुणाला बोलले नाही. पण प्रकरण मिटलं नाही, वाढलं. उत्तमरावांनी झाकण पाहिलं आणि देवमनला सांगितलं. देवमननं सगळ्या मळ्यांत सांगितलं की पोट्टीनंच वास येतो म्हणून रबर कोंबलं आणि महिनाभर सगळ्यांचा माल सडवला. आता गाडी चांगली चालते, पण माल देणारे कमी झाले. "आज रबर कोंबलं, उद्या आनखीन काय कोंबन," असं म्हणतात. उत्तमराव म्हणतात, गाडी ठेवू, पण ती चालवेल दुसरा कोणीतरी. अकोल्याचं बोलावणं त्यांनी मागे घेतलेलं नाही.

तनुजाला मी विचारलं, "हे कुणी केलं, तुला माहीत आहे?" ती म्हणाली, "माहीत आहे." "मग सांगत का नाहीस?" तर म्हणाली, "मामाची ओवाळनी आहे आई. राहू दे."

गोपाल, ती तुझा दोष स्वतःवर घेऊन फिरते आहे, आणि तुला त्यातलं काही माहीत नाही. आता माहीत झालं. यापुढे मी एक शब्दही लिहिणार नाही. काय करायचं ते तुझं तू ठरव.

वैजयंती

*

शेलूबाजार, ३० डिसेंबर

ताई,

तुझं पत्र घेऊन मी शेतात गेलो आणि संत्र्याच्या झाडाखाली बसून वाचलं. दोनदा.

भाऊबीजेला तनुजा सहज म्हणाली होती, "मामा, मेथीले पेट्रोलचा वास येते, अडत्या नाक मुरडते." मी पाहिलं, झाकण सैल होतं, वळणावर पेट्रोल बाहेर उडत होतं. माझ्या जीपच्या सीटखाली ट्यूब होती. कापली, बसवली, हातानं आवळलं, वास बंद. मला वाटलं, पोरीचं काम सोपं केलं. तुला एवढं सांगायचं की यात मला लबाडी नव्हती करायची.

पेट्रोल खर्च होतं तशी वरून तितकी हवा आत यावी लागते. झाकणाला त्यासाठी सुईएवढी वाट असते, ती मी बुजवली. मग पंप ओढतो आणि टाकी सोडत नाही. टाकी फुल्ल असली की वर हवेला जागा थोडी, म्हणून गळा लवकर आवळतो. मिस्त्री प्रत्येक वेळी आधी झाकण उघडून पेट्रोल पाहतो आणि तिथेच गाडी बरी होते, मग त्याला काय सापडणार? लखीरामचं फुस्स वाचलं तेव्हाच मला सगळं कळलं. जेवताना वाचत होतो. ताट सारून नवं झाकण आणायला निघालो.

आता यावरून भाषण करू नको. बंद भांडं, हवेची वाट, मनातली कोंडी, ते सगळं तू मनात रचलं असशील. तू बोलण्याआधीच मी ते ऐकलं. पुरे.

कारण विचारू नको लिहिलं, कारण भाऊजींसमोर माझं नाव निघालं असतं. एवढंच. पोरीवर येईल हे मनात आलं नाही. तुझ्या मनात आलं असतं. माझ्या आलं नाही.

ते झाकण तनुजाकडे दे. मंगळवारी मी वाशीमला हर्राशीत येतो. भाऊजींना आणि देवमनला तिथं यायला सांग. कशाला ते सांगू नको.

गोपाल

*

रिठद, ९ जानेवारी २०२६

गोपाल,

मंगळवारी मी हर्राशीत सुरुवातीपासून होते, हे तुला निघेपर्यंत माहीत नव्हतं. तू मला बोलावलं नव्हतंस, आणि मी न बोलावता जाते हे तुला माहीत आहे. गोबीच्या ढिगामागे उभी होते.

तू तनुजाच्या हातातून झाकण घेतलंस आणि रबर बोटानं उचकटून काढलंस. अडत्या बोली थांबवून पाहू लागला. देवमन म्हणाला, "काय हो मामासाहेब, भाचीची बाजू घ्याले आले का?" आणि तू म्हणालास, "बाजू नाही घेत. हे रबर मी कापलं. भाऊबीजेले. पोरीनं नाही. गाडी बंद पडली ती माह्या हातानं. महिनाभर तुमी तिले बोलले, ते मले बोला." कोणीतरी हसलं. तू म्हणालास, "हसा. पन माल तिच्याच गाडीत भरा. मी वीस वर्ष जीप चालवली, इतकं जपून मी कधी चालवलं नाही." मग देवमनकडे वळून म्हणालास, "आनि तुमी वांगे उतरवले तवा तिनं सोताच्या हातानं उतरवून देल्ले. तुमी देल्ले असते का?"

अडत्यानं बोली पुढे सुरू केली. एवढंच झालं.

मी आयुष्यभर बोलत आले. बाजारात बोलले, शाळेत बोलले, तेरवीत बोलले. चार वाक्यांत इतकं मला कधी जमलं नाही. हे मी हेव्यानं लिहिते, कौतुक समजू नकोस.

उत्तमराव घरी आले ते मफलर न काढता बसून राहिले. मग त्यांनी अकोल्याला फोन लावला. मी आतून ऐकलं. "नाही, येऊ नका. पोरगी कामात असते सकाळी." नंतर तनुजाजवळ जाऊन म्हणाले, "उद्यापासून मी मागं नाही येत. थंडी लै आहे." ती म्हणाली, "बाबा, बाजूची सीट रिकामीच असते." काल ते शेजारी बसून गेले. मांडीवर सांभार घेऊन. देवमनचं एक पोतं परत आलं आहे. बाकीची वांगी अजून पिकअपमध्ये जातात. जाऊ देत, येतील.

पण गोपाल, मंगळवारी तू सगळ्यांशी बोललास. अडत्याशी बोललास, चहावाल्याशी बोललास, निघताना मला गोबीमागे पाहिलंस, आणि मान खाली घालून जीपमध्ये जाऊन बसलास.

तेरवीत मी जे बोलले त्याचा मला पश्चात्ताप नाही. तो संडास शेवटी बांधला गेला, आणि त्यावर बाबांचं नाव आहे, हे तू पाहायला कधी आला नाहीस. तुझ्या हातात पातेलं होतं आणि तू एकटा उभा राहिलास, एवढं मात्र मी त्या वेळी पाहायला हवं होतं. यापुढे या विषयावर मी काही लिहिणार नाही.

रविवारी तनुजा गाडी घेऊन शेलूबाजारला येईल. मी तिच्या शेजारी असेन, उत्तमराव मागे पोत्यावर बसतील. टाकी फुल्ल करून निघू. रिठदपासून तुझ्या दारापर्यंत झाकण कुणीही उघडायचं नाही. गाडी न थांबता आली, तर पहिला शब्द तू बोलायचास. वाटेत थांबली, तर पहिला शब्द माझा, आणि तुला तो शेवटपर्यंत ऐकावा लागेल.

सोजरला सांग, बुंदी केली तरी चालेल. पंगत मी उठवणार नाही.

ताई